खिशातला फ्यूज

"आता हे काय?" बायको म्हणाली, आणि माझ्या ओल्या पँटच्या खिशातून तिने एक चिनी मातीचा फ्यूज काढून जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी ठेवला. सकाळी मुलींच्या हॉस्टेलचा नळ तुटून मी नखशिखांत भिजलो होतो, म्हणून कपडे बदलून जेवायला बसलो होतो, आणि ती धुवायला टाकण्याआधी खिसे तपासत होती. माझा घास तोंडातच राहिला. पांढरा, मुठीत मावेल एवढा, पितळी पायांचा फ्यूज. आमच्या कॉलेजच्या जुन्या इमारतींमध्ये असले फ्यूज जागोजागी आहेत आणि नुसतं तोंड बघून एकापासून दुसरा वेगळा ओळखता येत नाही. तो माझ्या खिशात होता, म्हणजे मी तो कुठल्यातरी बोर्डातून काढला होता. कुठल्या बोर्डातून, ते मला आठवेना. "सकाळी काढला असेल," मी म्हटलं. "असेल म्हणजे? काढणारे तुम्हीच ना?" ती हसली. "एक दिवस या खिशातून अख्खं कॉलेज निघेल बघा." तिच्या हसण्यात वाकडं काही नव्हतं. ती तशी हसतेच. चष्मा डोक्यावर ठेवून मी घरभर शोधतो तेव्हा हसते, चहा पिऊन झाल्यावर चहा मागतो तेव्हा हसते. पण आज ते हसणं मला सोसेना. कारण मागच्या खेपेला दादाच्या घरी गेलो होतो तेव्हा वहिनी मला दारापर्यंत सोडायला आली आणि चपला घालताना सहज म्हणाली, "सुरुवातीला आम्ही हसायचो हो भाऊजी."

जेवण मी कसंबसं संपवलं. आमचं क्वार्टर कॉलेजच्या आवारातच, मागच्या भिंतीला लागून आहे. दुरुस्ती विभागाच्या सुपरवायजरला जवळ ठेवलेलं बरं, असा त्यामागचा विचार. म्हणजे रविवारी दुपारी झोप लागली रे लागली की कुणीतरी दारावर थाप मारून सांगू शकतो की प्राचार्यांच्या केबिनचं दार कुरकुरतंय. इतकी वर्षं मी या आवारातली कुरकुर ऐकत आलो. कुठली पायरी सैल आहे, कुठल्या छताला पावसाळ्यात डाग पडतो, कुठला पंखा तीनवर ठेवला तरच फिरतो, सगळं मला तोंडपाठ. निदान तोंडपाठ होतं. फ्यूज मी नव्या पँटच्या खिशात टाकला आणि बाहेर पडलो. बायको मागून म्हणाली, "अहो, जरा पडा तरी, सुट्टी लागलीये ना कॉलेजला." मी म्हटलं, एक फेरी मारून येतो. फेरी कसली, मांडीला तो फ्यूज लागत होता आणि आवारात कुठेतरी एक वायर मुकी पडली होती, तिला शोधायला निघालो होतो.

आमच्या धंद्यात फ्यूज खिशात ठेवण्याची रीत आहे, ती सांगायला हवी. ज्या म्हाताऱ्याच्या हाताखाली मी काम शिकलो त्याने ती मला शिव्या घालून शिकवली. एक माणूस वर चढतो, छतात, खांबावर, जिथे काम असेल तिथे. दुसरा खाली बोर्डापाशी राहतो. खालचा फ्यूज काढतो आणि स्वतःच्या खिशात टाकतो. बोर्डावर ठेवायचा नाही, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायचा नाही. कारण जग परोपकारी माणसांनी भरलेलं आहे. एखादे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक तिथून जाताना पंखा बंद बघतील, कट्ट्यावरचा फ्यूज बघतील, आणि आपणच बसवून टाकतील. आणि वरचा माणूस उघड्या तारा हातात धरून बसलेला असतो. म्हणून फ्यूज खिशात. काम झालं की वरून हाक येते. तरीही खालच्याने बसवण्याआधी एकदा ओरडायचं, "देऊ?" आणि वरून "दे" असं कानांनी ऐकल्याशिवाय द्यायचं नाही. एवढंच. यापलीकडे या धंद्यात शहाणपण नाही, बाकी सगळं स्क्रू पिळणं. मला आता लोक "द्या" म्हणतात, कारण मी साहेब झालो, पण विचारायचं मी कधी सोडलं नाही. वरच्या माणसाचा जीव खालच्याच्या खिशात असतो, असं म्हातारा म्हणायचा, आणि म्हणताना माझ्या खिशावर चापट मारायचा.

म्हणजे रीतीप्रमाणे पाहिलं तर खिशात फ्यूज याचा अर्थ वर कुणीतरी आहे. पण वर कुणी असणं शक्य नव्हतं. आमच्याकडे वायरमन एकच. त्याला सगळं आवार 'खार' म्हणतं, त्याच्या तोंडावरसुद्धा, कारण तो शिडी लावायच्या आधीच वर पोचलेला असतो. आणि खार आज रजेवर होता. त्याच्या मुलीच्या अ‍ॅडमिशनचं काम होतं, त्यासाठी त्याने एक दिवस मागितला होता, मी दिला होता. हे मला लख्ख आठवत होतं. तो टोपी हातात धरून कसा उभा होता तेसुद्धा. त्यामुळे मी हिशेब असा मांडला की सकाळी काहीतरी तपासायला मीच फ्यूज काढला असणार, तेवढ्यात हॉस्टेलचा नळ तुटल्याचा निरोप आला असणार आणि मी तो तसाच खिशात टाकून धावलो असणार. धावपळीत कुणाचंही होईल. पाण्याने भिजलेला माणूस कसला फ्यूज लक्षात ठेवतो! हा हिशेब मला पटला. फक्त त्यात 'असणार' फार होते, आणि एकही 'होतं' नव्हतं.

चालता चालता मी सकाळ पुन्हा आठवून पाहिली. बिघाड शोधताना वायर एका टोकापासून धरून यावं तशी. उठलो, दाढी केली, गालाला कापलं, ते कापलेलं अजून झोंबत होतं. ऑफिसात आलो, मावशी झाडत होत्या, त्यांनी पाय वर घ्यायला सांगितले. चहा आला. चहावर साय होती, ती मी बोटाने काढली. आणि मग एकदम हॉस्टेलचा नळ, पाण्याचा फवारा, रेक्टरबाईंचा आरडाओरडा, माझा भिजलेला शर्ट. साय आणि फवारा यांच्यामध्ये काय? काहीच नाही. अंधूक असं काही नाही, धूसर नाही; जागाच नाही. साय काढली आणि पाणी अंगावर आलं, जणू मधली भिंत पाडून दोन खोल्या एक केल्या होत्या. मी व्हरांड्यात थांबलो. ऊन पायांपर्यंत आलं होतं.

ग्रंथालयापासून सुरुवात केली. सरळ विचारायची सोय नव्हती. 'तुमच्याकडची लाइट मी घालवली आहे का हो,' असं सुपरवायजर विचारू शकत नाही. मी आत डोकावून म्हटलं, "काय, सगळं ठीक ना?" ग्रंथपालबाईंनी चष्मा खाली केला. "तुम्ही स्वतःहून विचारताय?" त्या म्हणाल्या. "मी मेलेबिले की काय! अहो, त्या खिडकीच्या कडीसाठी मी वर्षभर तुमच्या ऑफिसच्या पायऱ्या झिजवतेय." "बघतो ना." "आणि तो दिवा फडफडतो, वाचणाऱ्यांचे डोळे जातील. आणि मागच्या खोलीत उंदीर." उंदीर माझ्या खात्यात येत नाहीत, हे सांगण्याचंसुद्धा मला सुचलं नाही. मी वर पाहत होतो. पंखे फिरत होते. फडफडणारा दिवा फडफडत होता. त्याला फडफडताना बघून इतका आनंद मला कधी झाला नव्हता. "राहू दे तो तसाच," मी म्हणालो, आणि बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

जीवशास्त्राच्या विभागाकडे जाताना माझा जीव टांगणीला लागला होता, कारण तिथे तो मोठा फ्रिज आहे. त्यात बाटल्यांमधून काय काय ठेवलेलं असतं देव जाणे. कुणाच्या तरी कित्येक वर्षांच्या कष्टांचं काहीतरी असतं एवढं मला माहीत आहे, कारण एकदा तो तासभर बंद पडला तेव्हा एक एरवी शांत बाई माझ्यासमोर रडल्या होत्या. सुट्टीत तिथे कुणी नसतं. बंद पडला तर दोन दिवसांनी वास आल्यावरच कळायचं. मी किल्ली लावली. दार उघडलं आणि आधी अंधारात उभा राहून मी नुसतं ऐकलं. घुर्रर्र. फ्रिज चालू होता. मी त्याला हात लावला, कपाळ लावलं, आणि तसाच थोडा वेळ उभा राहिलो. कुणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, साहेबांना ताप आलाय.

तिथेच, त्या थंड पत्र्याला डोकं टेकलेलं असताना, दादा आठवला. दादा टेलिफोन खात्यात होता. गावभरचे नंबर त्याच्या तोंडावर. लहानपणी मी त्याला माणसांची नावं सांगायचो आणि तो नंबर सांगायचा, आमचा तो खेळच होता, आणि हरायचो नेहमी मी. त्याची सुरुवात अशीच झाली. पाकीट फ्रिजमध्ये. बाजारात जायचं आणि रिकाम्या पिशवीने परत यायचं. आम्ही सगळे हसायचो, तोही हसायचा. नंतर तो हसेनासा झाला आणि भांडू लागला. मला ते भांडणच जास्त आठवतं. एकदा मी गेलो होतो तर तो वहिनीशी वाद घालत होता की आई आत स्वयंपाकघरात आहे, तिला आधी वाढा. आईला जाऊन किती वर्षं झाली होती! मी म्हटलं, "दादा, अरे आई आता नाही." त्याने माझ्याकडे पाहिलं, अगदी शांत, मोठा भाऊ धाकट्याकडे बघतो तसं, आणि म्हणाला, "मी आत्ता बोलून आलोय तिच्याशी." त्याच्या आवाजात कणभर शंका नव्हती. आता तो वहिनीला "बाई, तुम्ही कुणाकडे आलात?" असं विचारतो, पण नंबर अजून सांगतो. मेलेल्या माणसांचे नंबरसुद्धा. डॉक्टर म्हणाले होते, हे घराण्यात असू शकतं. म्हणाले आणि लगेच माझ्याकडे पाहून म्हणाले, असेलच असं नाही. तेव्हापासून विसरण्याची प्रत्येक छोटी गोष्ट मी बायकोपासून लपवत आलो आहे, आणि तिला ती दिसली की तिच्याआधी मीच हसतो.

मला नोकरीची भीती वाटत नव्हती असं नाही. निवृत्तीला अजून अवकाश आहे आणि ज्याला स्वतःच्या खिशातली वस्तू ओळखता येत नाही त्याच्या हातात कोण विजेचं काम ठेवेल? पण त्यापेक्षा वेगळीच भीती वाटत होती. मला या आवाराखेरीज दुसरं काही येत नाही. पुस्तक वाचत नाही, गाणं ऐकत नाही, मुलं लांब आहेत. हे आवार डोक्यातून गेलं तर आत उरणार काय? नंबर?

फ्रिजची खोली बंद करून मी जुन्या इमारतीच्या मागच्या अंगाने निघालो. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेचा बोर्ड ठीक होता. जिन्याखालचा ठीक होता. शेवटी राहिलं सभागृह. बाजूचं दार नुसतं लोटलेलं होतं, आणि याबद्दल पहारेकऱ्याला झापायला हवं असं मनात म्हणत मी आत शिरलो. सभागृहात अंधार होता, जाड पडद्यांचा धुरकट वास होता, खुर्च्यांच्या रांगा दुमडून बसल्या होत्या. स्टेजच्या मागे अरुंद बोळ आहे, तिथे भिंतीवर बोर्ड. मी मोबाइलचा उजेड टाकला. वरच्या रांगेत फ्यूजचं एक घर रिकामं होतं. दात पडलेल्या तोंडासारखं.

जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. मी मोठ्याने "हात्तिच्या!" म्हणालो. सभागृह! सुट्टीत सभागृहाला वीज नसली तर कुणाचं काय बिघडतंय? ना फ्रिज, ना पंप, ना कुणाचे कष्ट. हा फ्यूज बसवायचा, दार लावायचं, घरी जाऊन चहा घ्यायचा, आणि संध्याकाळी बायकोला सांगायचं, अगं सभागृहातला होता, सकाळी तपासायला काढला होता. 'असणार' नाही, 'होता'. मधल्या भिंतीची जागा मी आपणच बांधून काढली असती आणि कुणाला कळलंही नसतं, काही दिवसांनी मलाही नाही. मी फ्यूज खिशातून काढला. मोबाइल दातात धरला. फ्यूज घरासमोर नेला, पितळी पाय खाचेवर टेकवायचे तेवढे राहिले होते.

सवयीने ओठ 'देऊ?'साठी हलले आणि मला माझंच हसू आलं. कुणाला विचारतोस, खार रजेवर आहे. रिकाम्या सभागृहात ओरडणारा म्हातारा. मला अगदी खात्री होती. तो टोपी हातात धरून उभा होता, मी म्हणालो होतो, जा, पोरीचं काम आधी. लख्ख. आणि त्या लख्खपणाचीच मला एकदम भीती वाटली. दादालाही असंच लख्ख दिसत होतं. आई आत होती, तो आत्ता तिच्याशी बोलून आला होता. विसरलेल्या माणसाला आपण विसरलोय असं वाटतच नाही, त्याला खात्री असते. इतके दिवस मी उगाच अंधाराला घाबरत होतो. टोपी आठवते, पण कुठल्या दिवसाची टोपी? हात तसाच हवेत थांबला. मोबाइल दातातून निसटला आणि खाली आपटला, उजेड माझ्या पायांवर पडला.

आता 'देऊ?' विचारायचीही मला हिंमत होईना. 'देऊ?' विचारतो तो माणूस, ज्याला वर कोण आहे ते माहीत असतं. मला माहीत नव्हतं. आमच्या धंद्यात जे कुणी कधी विचारत नाही, जे विचारल्यावर वरचा माणूस तारा सोडून खाली उडी मारील, ते मी विचारलं. "वर कोणी आहे का?" माझा आवाज चिरका आला. पडदे आवाज खातात, म्हणून पुन्हा ओरडलो. "अरे, वर कोणी आहे का?"

"मी आहे की!" छतातून आवाज आला. खार. तो हसत होता. "विसरलात का काय मला? सकाळी तुम्हीच तर चढवलंत. अजून दोन टोकं उघडी आहेत, एवढ्यात देऊ नका हं."

मी हात मागे घेतला. फ्यूज पडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला. स्टेजच्या पायरीवर बसलो. वर त्याचं खरवडणं पुन्हा सुरू झालं, छताच्या फळीतून थोडी धूळ गळाली. मग तो म्हणाला, "साहेब, फ्यूज तुमच्याकडेच आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर," तो म्हणाला, आणि शीळ घालत कामाला लागला.

ते 'मग झालं तर' मला थोबाडीत मारल्यासारखं लागलं. मी गप्प बसलो असतो तर चाललं असतं. थोड्या वेळाने त्याने "द्या" म्हटलं असतं, मी दिलं असतं, दिवे लागले असते. त्याची दोन उघडी टोकं आणि माझी ही बोटं यांच्यामध्ये मघाशी किती अंतर राहिलं होतं, ते त्याला आयुष्यात कळलं नसतं. तो उद्याही चढला असता, परवाही, आणि खाली मी असतो. तो मला सकाळचं सांगत होता तरी ती सकाळ मला आठवत नव्हती. त्याला मी चढवलं, शिडी धरली असेल, काहीतरी बोललो असेन. साय आणि फवारा. मध्ये हा माणूस होता.

"खाली ये जरा," मी म्हणालो.

"थोडंच राहिलंय साहेब."

"ये म्हणतो ना!"

तो आला, नेहमीसारखा शिडी आहे की नाही तेही न बघता, केसांत जळमटं, हातात पक्कड. मी फ्यूज त्याच्यासमोर धरला. "हा तुझ्या खिशात ठेव."

"माझ्या?" तो म्हणाला. "तुम्ही चाललात का?"

"मी इथेच बसतोय. पण हा माझ्याकडे नको."

आता तो हसेल, मला वाटलं. हसला असता तर मीही हसलो असतो आणि सगळं त्यात वाहून गेलं असतं. तो हसला नाही. मी म्हटलं, "तू आज रजेवर आहेस असं मला वाटत होतं." मी फ्यूज तसाच पुढे धरून होतो. "मी बसवायला आलो होतो तो."

खारने हात पँटला पुसले, वरच्या उघड्या फळीकडे एकदा पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. मग त्याने फ्यूज घेतला, खिशात टाकला, वरून हाताने दाबून पाहिला. "रजेवर काल होतो," तो हळू म्हणाला. "सकाळी मी तुम्हाला सगळं सांगितलं की. पोरीला अ‍ॅडमिशन मिळाली. तुम्ही केवढे खूश झालात. मला मिठी मारलीत साहेब."

मी मान हलवली. होय, आठवतं, असं म्हणणं किती सोपं होतं. बायकोला मी रोज म्हणतो.

"नाही आठवत," मी म्हणालो. "परत सांग."

त्याने पक्कड बाजूला ठेवली, माझ्या शेजारी पायरीवर बसला, आणि काल सकाळी दोघं बापलेक घरातून निघाले तिथपासून सांगायला लागला.